खुब्याचा कृत्रिम सांधा : अस्तर झिजते तेव्हा

गुडघ्याच्या सांधेरोपणावर या सदरात लिहिले, त्यानंतर तीन-चार वाचकांनी दवाखान्यात येऊन एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, माझा खुब्याचा सांधा बदललेला आहे. काहीच दुखत नाही. मग दरवेळी फोटो कशाला काढायचा?" या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिलेले आहे, म्हणून आजचा लेख.

ते रुग्ण शिक्षक होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खुबा बदलला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून गोळा ढासळला होता. (आपल्याकडे ऐन उमेदीच्या वयात खुबा बदलावा लागतो तो बहुधा याच कारणाने. दारू, स्टिरॉइडची औषधे, अपघात आणि विदर्भात सिकलसेल ही त्याची नेहमीची कारणे.) मला दवाखाना थाटून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ऑपरेशन शहरात झाले आणि उत्तम झाले. सहा महिन्यांच्या आत गुरुजी सायकलवर टांग टाकून शाळेत जाऊ लागले. दवाखान्यातून सुटताना मिळालेल्या कागदावर शेवटची ओळ होती, 'दरवर्षी एक्स-रे काढून दाखवावा.' पहिली तीन वर्षे ते इमानेइतबारे शहरात गेले.

पुढे जाणे राहिले. २००५ च्या सुमारास रक्तदाब तपासायला आले असता त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, यंदा खुब्याचा फोटो काढू का?" मी विचारले, "दुखतं का?" "छे, अजिबात नाही." "मग कशाला उगाच खर्च करता, गुरुजी? दुखलं तर बघू." शिक्षकाच्या पगारात दोन मुलांचे शिक्षण चालले होते. माझा हेतू चांगलाच होता, ज्ञान मात्र अपुरे होते.

२०११ मध्ये ते जांघेतल्या बारीकशा दुखण्याची तक्रार घेऊन आले. खुर्चीतून उठल्यावर पहिली दोन-चार पावले दुखे, मग काही नाही. मी आठवड्याची गोळी लिहून दिली. तिसऱ्या आठवड्यात ते लंगडत आले, तेव्हा फोटो काढला. फोटो काचेवर लावला आणि मी खुर्चीत बसलोच. कृत्रिम गोळा वाटीच्या मधोमध असायला हवा, तो वर सरकलेला होता. वाटीच्या वरच्या अंगाला, कमरेच्या हाडात लिंबाएवढी काळी पोकळी दिसत होती. मांडीच्या हाडात धातूच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी दुसरी, थोडी लहान. हाड आतून पोखरले गेले होते आणि पोखरले जात असताना ते एका शब्दाने बोलले नव्हते. घराच्या चौकटीला वाळवी लागते तसेच हे असते. वरचा रंग शाबूत असतो, बोट दाबले की आत भुसा.

मी जुने फोटो मागितले, कारण ही पोकळी किती दिवसांची हे जुन्या फोटोशी ताडूनच कळते. गुरुजी ओशाळले. ११ ऑगस्ट १९९९ च्या सूर्यग्रहणाला त्यांनी आपल्या खुब्याचे सगळे फोटो कापून वर्गातल्या मुलांना एकेक तुकडा वाटला होता. ढगांमुळे ग्रहण धड दिसले नाही ते वेगळेच. (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहणे डोळ्यांना घातक आहे. तेव्हा आम्ही सगळेच पाहात होतो.)

आता हे घडले कसे ते पाहू. खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात उखळी आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. ऑपरेशनमध्ये खराब गोळा काढून टाकतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि त्याच्या टोकावर नवा गोळा. उखळीत वाटी बसवतात. बहुतेक सांध्यांत ही वाटी धातूची असते आणि तिच्या आत एक अस्तर असते. डॉक्टर लोक त्याला लायनर म्हणतात. गोळा प्रत्यक्ष फिरतो तो या अस्तरावर. गॅरेजवाला ज्याला 'बुश' म्हणतो तेच हे काम. सगळा भार आणि सगळे घर्षण या काही मिलिमीटर जाडीच्या अस्तराने सोसायचे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट दाब येतो. सत्तर किलोचा माणूस म्हणजे प्रत्येक पावलाला पावणेदोन क्विंटल. हिंडता-फिरता माणूस वर्षाकाठी एकेका पायावर सुमारे दहा लाख पावले टाकतो. तेव्हा सांधा किती वर्षे टिकणार हे बऱ्याच अंशी अस्तर कशाचे आहे यावर ठरते.

हे पहिल्यांदा ओळखले इंग्लंडमधील सर जॉन चार्नली यांनी. हा माणूस वैद्यकाइतकाच लोहारकामात रमणारा होता. १९५० च्या दशकात खुब्यात प्लास्टिकचा गोळा बसवलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. त्याचा सांधा इतका करकरे की त्याची पत्नी एका खोलीत बसायला तयार नसे. यावर सगळे हसले असतील. चार्नली मात्र विचारात पडले की सांधा वाजतो म्हणजे घर्षण जास्त आहे. घर्षण कमी हवे म्हणून त्यांनी टेफ्लॉन निवडले. न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच. १९५८ पासून सुमारे ३०० रुग्णांना त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. रुग्ण काठ्या टाकून चालू लागले, जयजयकार झाला. दोन-तीन वर्षांत तेच रुग्ण परत येऊ लागले. गोळ्याने टेफ्लॉन पोखरून आत शिरकाव केला होता आणि सांध्याभोवती पांढऱ्या, दह्याच्या चोथ्यासारख्या पदार्थाचे ढीग साचले होते. त्या वाट्या चार्नली यांना आपल्याच हाताने एकेक काढाव्या लागल्या.

इथे एक गंमत लक्षात घ्यावी. टेफ्लॉन गुळगुळीत होते, घर्षण कमीच होते, पण झीज भयंकर होती. गुळगुळीतपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात वाचताना आपण त्या एक समजतो.

मग १९६२ मध्ये एक विक्रेता पॉलिथिलीनचा एक दणकट प्रकार दाखवायला घेऊन आला. लँकाशायरच्या कापडगिरण्यांत मागांची दातेरी चाके त्याची बनत. चार्नली यांनी त्यात नख रुतवून पाहिले आणि हे काही कामाचे नाही म्हणून ते बाहेरगावी निघून गेले. त्यांचे कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चालले. टेफ्लॉन एका दिवसात झिजले असते तेवढेही ते झिजले नव्हते. गिरणीच्या मागातून आलेले हे पॉलिथिलीन त्याच वर्षी नोव्हेंबरात माणसाच्या खुब्यात गेले आणि आज साठ वर्षांनंतरही, सुधारलेल्या रूपात, तेच वापरात आहे. या वेळी चार्नली सावध होते. टेफ्लॉनचे आणि नव्या प्लास्टिकचे नमुने त्यांनी स्वतःच्या मांडीत पुरून घेतले. टेफ्लॉनच्या जागी काही महिन्यांनी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी काही नाही. १९६३ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे छापून इतरांना सावध केले. आपली चूक छापून मोकळे होणारे डॉक्टर तेव्हाही थोडेच होते. आपल्या रुग्णांना ते विनंती करीत की मृत्यूनंतर हा सांधा परत तपासायला द्यावा. बरेच जण देत. अस्तर किती झिजले हे त्यामुळेच मोजता आले.

पॉलिथिलीन टेफ्लॉनपेक्षा कितीतरी टिकाऊ, तरी झिजतेच. जुन्या पद्धतीचे अस्तर वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजे. हा आकडा ऐकून कोणालाही वाटेल, एवढेच? मलाही वाटले होते. हिशेब करून पाहा. २८ मिलिमीटर व्यासाचा गोळा वर्षाला ०.१ मिलिमीटर खोल गेला म्हणजे सुमारे ६० घन मिलिमीटर प्लास्टिक निघाले. ज्वारीचे दोन दाणे म्हणा. पंधरा वर्षांत तीस दाणे. पण ते दाण्यांच्या रूपात निघत नाही. जात्यातून पीठ पडावे तसे निघते आणि हे पीठ इतके बारीक की बहुतेक कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून लहान. त्यांची संख्या अब्जांत जाते. हे पीठ सांध्याच्या बाहेर जाऊ शकत नाही, तिथेच साचते.

खरा अनर्थ हे पीठ करते. आपल्या शरीरात काही पेशी भंगीकाम करतात. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा गिळून पचवणे हे त्यांचे काम. प्लास्टिकचा कण त्यांना जंतूएवढाच दिसतो, म्हणून त्या तो गिळतात. पचवता मात्र येत नाही. मग त्या चवताळतात आणि मदतीसाठी रासायनिक हाका मारू लागतात. त्या हाकांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. या पेशी सगळ्यांच्याच हाडांत असतात. जुने हाड खरवडायचे आणि दुसऱ्या पेशींनी नवे भरायचे, असा आयुष्यभर समतोल चाललेला असतो. कणांच्या त्रासाने खरवडणे वाढते, भरणे मागे पडते. सांध्यातले पाणी प्रत्येक पावलागणिक दाबाने फटीफटींतून फिरते आणि कण दांड्याच्या व वाटीच्या मागपर्यंत पोचवते. जिथे कण पोचले तिथे हाड विरघळले.

हे समजायला वैद्यकालाही वेळ लागला. हाडात पोकळ्या दिसू लागल्या तेव्हा बरीच वर्षे दोष दांडा बसवण्याच्या सिमेंटवर ढकलला जात होता. त्याला 'सिमेंटचा आजार' असे नावही पडले. म्हणून सिमेंटविना बसणारे सांधे निघाले. पोकळ्या तरीही झाल्या! अस्तरातून निघणाऱ्या पिठाकडे सगळ्यांचे नीट लक्ष गेले ते त्यानंतर.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो, कारण त्या नेहमी विचारल्या जातात. ही झीज म्हणजे म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात ती नव्हे. कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही पोकळी भरत नाही. आणि हाडाच्या आत दुखण्याची जाणीव होईपर्यंत बराच काळ जातो. वाटी किंवा दांडा हलू लागला, हाडाला चीर गेली, की मग दुखते. 'दुखलं तर बघू' हे माझे उत्तर इथे चुकले.

गुरुजींच्या अस्तराला आणखी एक दुर्दैव चिकटलेले असण्याचा संभव होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक कारखान्यांत अस्तर साध्या हवेच्या पाकिटात बंद करून त्यावर गॅमा किरण सोडत. हेतू निर्जंतुक करण्याचा. किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंचे धागे काही ठिकाणी तुटतात आणि तुटलेली टोके मोकळी राहतात. त्या टोकांना पाकिटातल्या हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो आणि प्लास्टिक हळूहळू किडते. तेल उघडे राहिले की खवट होते, तसाच प्रकार. अस्तर दुकानाच्या फळीवर जितकी वर्षे पडून राही तितके ते अधिक ठिसूळ होई आणि डॉक्टरला वरून कळत नसे. पुढे हवा काढून किंवा निष्क्रिय वायू भरून पाकिटे बंद करू लागले. हा धडा कायमचा शिकला गेला असेही नाही. २०२१-२२ मध्ये अमेरिकेतील एका उत्पादकाला मोठ्या संख्येने अस्तरे परत मागवावी लागली. पाकिटात प्राणवायू अडवणारा थरच राहून गेला होता.

आणि याच किरणांतून उपायही निघाला. पॉलिथिलीनचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे. साध्या प्लास्टिकात ते गवताच्या पेंढीसारखे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे गोळा घासला की एकेक काडी निसटते. किरणांची मात्रा मुद्दाम वाढवली की धाग्याधाग्यांत गाठी पडतात आणि पेंढीची चटई होते. तिच्यातून काडी ओढून काढणे अवघड. मग हे प्लास्टिक तापवतात, म्हणजे उरलेली मोकळी टोके आपापसांत जुळून जातात आणि प्राणवायूला चिकटायला जागा राहात नाही. याला 'क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन' म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते वापरात आले. २००७ पासून काही अस्तरांत ई जीवनसत्त्वही मिसळतात. खाण्याच्या तेलात निसर्गतः असणारे आणि त्याला खवट होऊ न देणारे जे द्रव्य, तेच हे.

यातही घ्यावे तसे द्यावे लागते. गाठी जितक्या जास्त, तितके प्लास्टिक थोडे कडक आणि चिरा जाण्यास सोपे. म्हणून अस्तर फार पातळ करून चालत नाही आणि वाटी वाकडी बसली तर कडेला ताण येऊन तुकडा उडू शकतो. उत्तम अस्तर वाकड्या हाताने बसवले तर उपयोग नाही.

फरक किती पडला? क्रॉस-लिंक्ड अस्तराची झीज बहुतेक अभ्यासांत वर्षाला ०.०५ मिलिमीटरच्या आत राहते. या मर्यादेखाली हाडात पोकळी जवळजवळ दिसत नाही, असा अनुभव आहे. याहून बोलका आकडा ऑस्ट्रेलियाचा. तिथे बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम सांध्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते. त्या नोंदीवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, १६ वर्षांत जुन्या अस्तराच्या रुग्णांपैकी ११.७ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागले, क्रॉस-लिंक्डच्या रुग्णांपैकी ६.२ टक्क्यांना. जवळजवळ निम्मे. मला स्वतःला कारखान्यातल्या यंत्रावरच्या चाचण्यांपेक्षा अशी नोंदवही कितीतरी विश्वासार्ह वाटते. यंत्राला पाय घसरत नाही, वजन वाढत नाही आणि शेताच्या बांधावरून उडीही मारावी लागत नाही.

चिनी मातीचे, म्हणजे सिरॅमिकचे अस्तर हा दुसरा पर्याय. फ्रान्समध्ये पिएर बुताँ यांनी १९७० मध्ये तो आणला. गोळाही सिरॅमिकचा आणि अस्तरही सिरॅमिकचे असेल तर झीज सर्वांत कमी. क्वचित असा सांधा चालताना वाजतो आणि त्याहून क्वचित फुटतो. फुटला तर काचेसारखे तुकडे वेचत बसावे लागते. म्हणून सिरॅमिकचा गोळा आणि क्रॉस-लिंक्ड प्लास्टिकचे अस्तर ही जोडी बरेच सर्जन पसंत करतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला धातूचा गोळा आणि चांगले क्रॉस-लिंक्ड अस्तर पुष्कळ झाले. कर्ज काढून महागडा सांधा घेण्याची गरज नाही.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांची कथा वाईट आहे. 'प्लास्टिकच नको म्हणजे पीठच नको' असा विचार होता. पीठ धातूचे निघाले. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरले, काहींच्या सांध्याभोवतीचे स्नायू गळून गेले. डीप्यू कंपनीचा 'एएसआर' हा असा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. तोवर सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसला होता, त्यांतील सुमारे ४,७०० भारतातले. कोणा वाचकाचे ऑपरेशन २००४ ते २०१० या काळात झाले असेल आणि आपल्याला कोणता सांधा बसला हे माहीत नसेल, तर त्यांनी जुने कागद जरूर शोधावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खुबा बदललेला आहे आणि दुखत नाही, तरीही फोटो काढायचाच. आपल्या सर्जनने वेळापत्रक दिले असेल तर ते पाळावे. दिले नसेल तर पहिल्या वर्षी एक, पाच-सात वर्षांनी दुसरा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असे साधारण धोरण ठेवावे. ऑपरेशन २००० सालच्या आधीचे असेल तर अस्तर जुन्या पद्धतीचे धरून दरवर्षी काढावा. फोटो दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा हवा आणि तो मागच्या फोटोशेजारी लावून पाहायला हवा. सुटा फोटो अर्धाच बोलतो. हल्ली सीडी देतात, ती पोराबाळांच्या हाती देऊ नका.

ऑपरेशनच्या वेळी प्रत्येक भागाच्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर कंपनी, प्रकार, माप आणि क्रमांक छापलेला असतो. तिची प्रत सर्जनकडून मागून घ्यावी. दहा-पंधरा वर्षांनी फक्त अस्तर बदलायची वेळ आली, तर त्याच वाटीत बसणारे अस्तर शोधायला हा क्रमांक लागतो. तो नसला तर शाबूत बसलेली वाटीही उपटावी लागू शकते. गुरुजींच्या कागदांत ही पट्टी नव्हती.

आणि फोटोची वाट न पाहता दाखवायचे केव्हा? जांघेत किंवा मांडीत नवे दुखणे, विशेषतः उठल्यावरच्या पहिल्या पावलांना. सांध्यातून नवा आवाज. पाय आखूड झाल्यासारखे वाटणे. लंगडणे. ताप येऊन खुबा दुखू लागला किंवा जखमेच्या जागी पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. जांघेतल्या दुखण्याला माझ्यासारख्याने आठवड्याची गोळी दिली, तर 'आधी फोटो काढू या' असे तुम्हीच म्हणा. चालणे मात्र बंद करू नका. अस्तर वाचवायचे म्हणून खाटेवर बसून राहिलेले लोक मी पाहिले आहेत. वजन ताब्यात ठेवणे आणि उड्या, धावणे टाळणे एवढे पुरते.

गुरुजींचे दुसरे ऑपरेशन २०११ च्या पावसाळ्यात झाले. चार तास चालले. वाटी हलू लागली होती, ती काढावी लागली. पोकळीत हाडपेढीतून आणलेले हाड ठासले, मोठी वाटी स्क्रूंनी बसवली. तीन महिने पाय टेकायचा नव्हता. २००५ मध्ये फोटो निघाला असता तर बहुधा नुसते अस्तर आणि गोळा बदलून भागले असते. वाटी तेव्हा पक्की असणार. गुरुजी मला काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नी मात्र दवाखान्यात बिल भरताना म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच म्हणाला होता ना, कशाला खर्च?" मला उत्तर सुचले नाही. हो म्हणालो.

त्या वर्षीपासून टेबलाच्या खणात मी एक वही ठेवली आहे. माझ्या रुग्णांपैकी ज्यांचा खुबा बदलला आहे त्यांची नावे, ऑपरेशनचे वर्ष, अस्तर कशाचे आणि शेवटचा फोटो केव्हाचा. दिवाळीनंतर एकेकाला फोन करतो. काही जण कंटाळतात, एकाने तर एक्स-रेवाल्याकडून तुम्हाला काय मिळते असे विचारले.

गुरुजी आता पंचाहत्तरीला आले आहेत. उजवा पाय पाऊण इंच आखूड झाला, म्हणून चपलेला आतून जाड तळ लावून घेतला आहे आणि हातात काठी आहे. सायकल नातवाला दिली. नव्या सांध्याचे अस्तर क्रॉस-लिंक्ड आहे आणि त्याची चिकटपट्टी त्यांनी पंचांगाच्या मागे न लावता बँकेच्या पासबुकात चिकटवली आहे. दर जानेवारीत ते नवा फोटो घेऊन येतात. आम्ही तो २०१२ च्या फोटोशेजारी लावतो, मी पट्टीने गोळ्याच्या वरचे आणि खालचे अंतर मोजतो, ते वहीत लिहून घेतात. यंदाही गोळा होता तिथेच आहे. फोटो पाकिटात घालताना गुरुजी दरवर्षी तेच म्हणतात, "हा ग्रहणाला द्यायचा नाही."